पदराची गाठ आणि मोबाइलची घंटा

आठवण राहावी म्हणून आपल्या आज्या-पणज्या पदराच्या टोकाला गाठ मारीत असत. त्या गाठीवर काही लिहिलेले नसे. काहीतरी करावयाचे राहिले आहे, एवढेच ती सांगे. काय राहिले आहे, हे जिचे तिलाच आठवावे लागे. पुढे घरोघरी अक्षर पोहोचले आणि ही गाठ पदरावरून भिंतीवर गेली. जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघाले आणि पाहता पाहता ते मराठी घराची नोंदवही झाले. दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, शाळेच्या फीची मुदत, भिशीचा दिवस, हे सारे त्याच्या चौकोनांत टिपले जाऊ लागले. ख्रिस्ती घरांत त्याच्या शेजारी चर्चची दिनदर्शिका असे आणि तिच्यावर वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या मिस्साची तारीख लिहिलेली असे.

आज ही भिंत खिशात आली आहे. कामाचे नाव तोंडाने सांगितले तरी मोबाइल ते मराठीत टिपून घेतो. दिवस आणि वेळ ठरवून दिली की त्या क्षणी घंटा वाजवतो. दर महिन्याला करावयाचे काम त्याला एकदाच सांगावे लागते. पुढे तो आपणहून ते समोर आणतो. एकच यादी पती, पत्नी आणि मुले यांच्या मोबाइलवर एकाच वेळी दिसू शकते; एकाने साखर आणली की सर्वांच्या यादीतून साखर खोडली जाते. जळगावचा दुकानदार, धुळ्याची शिक्षिका, मृगबाग आणि कांदेबाग यांची कामे वेगवेगळी सांभाळणारा रावेरचा केळीबागाईतदार, सर्वांच्या हाती आज हे साधन आहे. धर्मगुरूही त्याला अपवाद नाहीत. पहिल्या शुक्रवारी कोणकोणत्या आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद न्यावयाचा, ही यादी आता वहीपेक्षा मोबाइलमध्येच अधिक सापडते.

ही सोय उत्तम आहे, याविषयी वाद नाही. मात्र तिच्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो केवळ सोयीचा नाही. यंत्राने आठवण करून दिल्यावर आपण जे कर्तव्य करतो, ते कितपत आपले असते? आणि यादी पूर्ण झाली म्हणजे कर्तव्य पूर्ण झाले काय? या दोन प्रश्नांचा विचार वाचकांबरोबर करावा, असे आम्हांस वाटते.

आक्षेप जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने आपल्या ‘फायड्रस’ या संवादात एका मिसरी राजाची कथा सांगितली आहे. अक्षरविद्येचा शोध लावणारा देव ती विद्या घेऊन राजाकडे येतो. राजा म्हणतो की, या विद्येने माणसांची स्मृती वाढणार नाही; बाहेरच्या खुणांवर विसंबून ती आतून आठवणे सोडून देतील. जवळजवळ चोवीसशे वर्षांनंतर मोबाइलविषयी आपण हेच बोलतो. राजाच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. ज्याला पूर्वी पन्नास घरांचे दूरध्वनी क्रमांक पाठ होते, त्याला आज स्वतःच्या मुलाचा क्रमांकही सांगता येत नाही. तथापि लिहिण्याची कला टाकून द्यावी, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे विश्लेषण करताना त्याची जी आठ अंगे मानली, त्यांत स्मृती आणि दूरदृष्टी या दोहोंचा समावेश आहे. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आठवण ठेवणे हा केवळ मेंदूचा गुण नाही; तो नीतीचाही विषय आहे. ‘विसरलो’ हे नेहमीच निमित्त होऊ शकत नाही, कारण विसरू नये म्हणून व्यवस्था करणे हेही आपल्याच हाती असते. ज्याला स्वतःची स्मृती दुबळी आहे हे ठाऊक आहे आणि तरीही जो लिहून ठेवीत नाही, तो दुसऱ्याला दिलेल्या शब्दाशी खेळतो. या दृष्टीने पाहिले तर यादी करणे हे आळसाचे लक्षण ठरत नाही. ती नम्रतेची खूण आहे: माझ्याकडून चूक होऊ शकते, हे यादी करणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते.

याचे एक ठळक उदाहरण मराठी माणसांशीच नाते सांगणारे आहे. अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गावंडे यांचे वडील विदर्भातील उटी या खेड्यातले. शस्त्रक्रियेत होणाऱ्या पुष्कळ चुका अज्ञानाने होत नाहीत, जाणत्या माणसांच्या विसरण्याने होतात, हे ध्यानी घेऊन गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ बाबींची एक यादी तयार केली. रोगी तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा तीच ना, प्रतिजैविक वेळेवर दिले ना, आत कापूस किंवा हत्यार राहिले नाही ना, अशा साध्या बाबी तिच्यात आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर, परिचारिका आणि भूलतज्ज्ञ यांनी एकमेकांना आपापली नावे सांगावीत, हीही एक बाब तिच्यात आहे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. नामवंत शल्यविशारदांनीही ज्या कागदासमोर मान लवविली, त्याला आपण कमी लेखू नये.

आता दुसरी शंका घेऊ, कारण ती अधिक नाजूक आहे. कर्तव्याचे एक असो, प्रेमाचे काय? नोकरीसाठी खानदेशातील कितीतरी मुलगे सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेले आहेत. त्यांपैकी एकाने समजा मोबाइलमध्ये नोंद केली आहे की, दर रविवारी संध्याकाळी सात वाजता आईला फोन करावयाचा. सात वाजता घंटा वाजते आणि तो फोन करतो. आईला हे कळले तर ती म्हणेल काय, ‘बाळा, तुला माझी आठवण आली नाही, तुझ्या यंत्राला आली’?

आम्हांस वाटते, तिने असे म्हणू नये. भुसावळच्या रेल्वे कुटुंबांना जुना ‘कॉलबॉय’ आठवत असेल. रात्री-अपरात्री हातात वही घेऊन तो चालकाच्या दारावर थाप मारी, सही घेई आणि कितीच्या गाडीवर हजर व्हावयाचे ते सांगे. कॉलबॉयने उठविले म्हणून गाडी कॉलबॉयने चालविली, असे कोणी म्हटले नाही. अंधारात सिग्नल पाहणे, मागच्या डब्यांत झोपलेल्या शेकडो जिवांचा भार वाहणे, हे सारे चालकाचेच होते. घंटा केवळ वेळ सांगते. आईचे नाव यादीत लिहिले ते त्या मुलाने. त्या लिहिण्याच्या क्षणी त्याला तिची आठवण होती आणि पुढे कामाच्या धबडग्यात ती पुसली जाऊ नये, अशी इच्छाही होती. आठवणीवर पहारा ठेवणे हेही आठवण ठेवणेच आहे. विवाहाच्या वेळी वधूवर एकमेकांना वचन देतात, ते आजच्या भावनेपुरते नसते; भावना ओसरेल त्या दिवसासाठीही ते असते. दर रविवारची ती नोंद अशाच जातीची एक लहानशी प्रतिज्ञा आहे.

परंतु इथे एक सीमा आहे. यंत्राने वेळ सांगावी, इथवर ठीक. आता यंत्र शुभेच्छांचा मजकूरही सुचविते आणि ठरलेल्या दिवशी तो आपोआप पाठवूही शकते. मुलाला ठाऊकही नसताना आईला त्याचा संदेश पोहोचला, तर तिथे वेळेबरोबर त्याची उपस्थितीही यंत्राकडे गेलेली असते. ‘केव्हा’ हा प्रश्न आपण यंत्रावर सोपवू शकतो. ‘कोणासाठी’ आणि ‘कशासाठी’ हे प्रश्न सोपवू शकत नाही. आईशी बोलताना तिचा आवाज आज थकलेला का आहे, हे ऐकणारा कान मुलाचाच असावा लागतो.

यावरून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: यादी पूर्ण झाली म्हणजे कर्तव्य पूर्ण झाले काय? गावंडे यांच्या यादीची कथा आठ रुग्णालयांवर संपत नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात अशीच यादी सर्वत्र लागू करण्यात आली. तेथील १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट झाल्याचे दिसले नाही. याच्या कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु एक स्पष्टीकरण सर्वसामान्य अनुभवाशी जुळणारे आहे: यादी सर्वत्र पोहोचविता येते, ती मनावर घेणे मात्र हुकुमाने होत नाही. चौकोनात खूण केली म्हणजे विचारणा झालीच, असे नव्हे.

हा भेद धुळ्यात फार सुंदर रीतीने मांडला गेला आहे. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर ते सहबंदिवानांसमोर बोलले आणि अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली. चौथ्या आणि पाचव्या अध्यायांच्या विवरणात विनोबांनी कर्म आणि विकर्म यांचा संबंध उलगडला आहे. बाहेरची कृती म्हणजे कर्म. त्या कृतीला आतून मिळणारी मनाची जोड म्हणजे विकर्म. ही जोड मिळाली की कर्माचे ओझे वाटेनासे होते. ती नसेल तर कृती पार पडते, पण ती कोरडीच राहते. ख्रिस्ती परंपरेलाही हा विचार परका नाही. प्रार्थनेच्या शब्दांना मनाची जोड नसेल तर ती प्रार्थना होत नाही, असे आपण मुलांना शिकवितोच. ओंटारिओचे आकडे आणि धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचन यांच्यात ८२ वर्षांचे अंतर आहे. पण दोन्ही ठिकाणी धडा एकच दिसतो. यादी कर्माची असते. विकर्म यादीत मावत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. तुरुंगात दिवसाचा क्रम कैदी ठरवीत नाही. तो वरून येतो. वरून आलेल्या दिवसक्रमातही विनोबांनी रविवार आपला करून घेतला. सर्वांनाच हे साधत नाही. म्हणून यादीविषयी एक प्रश्न नेहमी विचारावा: ही यादी लिहिली कोणी?

आपल्या गावच्या अंगणवाडीकडे पाहा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सेविकाताई अनेक वर्षे नोंदवह्यांच्या ढिगाऱ्यात काम करीत आल्या: मुलांची वजने, लसीकरण, आहार, गरोदर मातांच्या भेटी, प्रत्येकाची नोंद निराळी. २०१८ साली पोषण अभियान सुरू झाले आणि त्यांच्या हाती मोबाइल देण्याचे ठरले. त्या प्रणालीत गृहभेटींचे वेळापत्रक आपोआप तयार होई: कोणत्या मातेचा कितवा महिना आहे, कोणत्या बाळाला वरचे अन्न सुरू करण्याची वेळ झाली आहे, आज कोणाच्या दारी जावयाचे आहे. कल्पना निर्विवाद चांगली होती. चोपडा, यावल, शिरपूर यांसारख्या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर एकही माता विसरली जाऊ नये, यासाठी याहून उपयोगी यादी कोणती?

परंतु मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले, तेव्हा महाराष्ट्रातील सेविकांची तक्रार होती की त्यात मराठीची सोय नाही, माहिती इंग्रजीत भरावी लागते, आणि हातातले मोबाइल तापतात, अडकतात, त्यांत जागा पुरत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते मोबाइल शासनाला परत केले. वृत्तपत्रांनी त्याला ‘मोबाइल वापसी’ म्हटले. या आंदोलनाकडे यंत्राच्या भीतीने केलेला विरोध म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. या बायांनी कुपोषणाची लढाई पायी लढलेली आहे. त्यांचे म्हणणे आमच्या समजुतीप्रमाणे एवढेच होते: जिला काम करावयाचे आहे, तिच्या भाषेत तिची यादी असावी. ज्या यादीतील शब्द वाचण्यासाठीच दुसऱ्याची मदत घ्यावी लागते, ती यादी आधार देत नाही. ती केवळ हिशेब मागते. आणि हिशेब वर पाठविण्यात दुपार गेली, तर बाळाजवळ बसावयाला वेळ उरत नाही. यादी बाळासाठी निर्माण झाली होती. बाळ यादीसाठी नव्हे. शब्बाथाविषयी प्रभू येशूने परुश्यांना जे सुनावले, त्याचा अर्थ इथे वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

शेतकऱ्याचेही उदाहरण घ्या. पूर्वी पीकपाहणी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि आपल्या शेतातील पिकाचे छायाचित्र काढून सातबाऱ्यावरील नोंदीसाठी ते पाठविण्याचे काम शेतकऱ्याच्या यादीत आले. यात त्याचा मान वाढला, हे खरे आहे. माझ्या शेतात कापूस आहे की ज्वारी, हे सांगण्याचा पहिला अधिकार मला मिळाला. त्याबरोबरच ज्याची नजर अधू झाली आहे, ज्याच्या शिवारात नेटवर्क लागत नाही, त्याच्या माथी एक नवी मुदतही आली. सोय झाली असे आपण म्हणतो, तेव्हा एकाच्या यादीतून उतरलेले काम दुसऱ्या कोणाच्या यादीत चढले काय, हे पाहणे न्यायाचे आहे. शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याला ती नोंद करून देणारा कॉलेजचा विद्यार्थी आमच्या मते धर्मकार्यच करीत असतो.

हाच न्यायाचा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातही आहे, आणि तेथे तो अधिक दडलेला आहे. घराची यादी कोणाच्या डोक्यात असते? उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, पापड केव्हा घालावयाचे, वर्षाचे धान्य केव्हा वाळवावयाचे, सासऱ्यांची गोळी कधी संपते, धाकट्याची वही कधी भरते, पाहुण्यांना अहेर काय करावयाचा, हे सारे घरातील एका स्त्रीला ठाऊक असते आणि इतर सर्व तिला विचारतात. असोद्याच्या माहेरच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी घर, शेत आणि गाणे या तिन्ही गोष्टी त्यांनी स्मरणावर सांभाळल्या. त्या सामर्थ्यापुढे आपण नतमस्तक व्हावे. परंतु एकाच जिवाने सर्वांची आठवण वाहावी, हा काही निसर्गाचा नियम नाही. केंद्र शासनाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसून आले. ही मिनिटे हातांच्या कामाची आहेत. काय करावयाचे आहे याची सतत आठवण ठेवण्याचे ओझे या आकड्यांत धरलेले नाही.

‘तू सांग, मी करतो’ असे म्हणणारा पती चांगला असतो. पण सांगण्याचे काम त्याने तिच्याकडेच ठेवलेले असते. घराची यादी सर्वांच्या मोबाइलवर एकत्र ठेवली तर हे ओझे प्रथमच सर्वांना दिसते. प्रत्येक कामापुढे एक नाव लिहिता येते. मुलगाही पाहतो की आजोबांची गोळी आणणे आपल्या नावावर आहे. लूकच्या शुभवर्तमानातील मार्था पुष्कळ कामांनी ओढली गेली होती आणि तिने प्रभूकडे तक्रार केली. प्रभूने मरियेची बाजू घेतली, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. पण मार्थेला बसावयाला वेळ मिळावा म्हणून घरातल्या इतरांनी काय करावे, हा प्रश्न ती गोष्ट आपल्यासाठी उघडा ठेवते. मार्थेच्या यादीतील चार कामे दुसऱ्यांनी उचलली, तर तीही प्रभूच्या पायाशी बसू शकेल.

आता खुणेविषयी थोडेसे. काम झाले की यादीत त्यापुढे खूण होते आणि मनाला बरे वाटते. या बरे वाटण्यात एक मोह दडलेला असतो. खुणा वाढाव्यात म्हणून आपण सोपी कामे आधी करतो आणि जड काम, म्हणजे भावाशी अबोला सोडणे, कर्ज घेतलेल्याला तोंड दाखविणे, आजारी नातलगाला भेटणे, दिवसामागून दिवस खाली ढकलीत राहतो. संध्याकाळी दहापैकी नऊ खुणा झालेल्या असतात आणि जे एक करावयास हवे होते, तेच राहिलेले असते.

संत इग्नाती लोयोला यांनीही खुणा करावयास सांगितले होते. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या ग्रंथात आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेषा आखल्या आहेत. एखादा दोष घालवावयाचा निश्चय सकाळी करावा, दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण करावे आणि जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके त्या रेषेवर मांडावेत. आजच्या सवयी मोजणाऱ्या ॲपशी याचे साम्य विलक्षण आहे. भेद एवढाच की इग्नातींचे ठिपके शाबासकीसाठी नव्हते. कुठे पडलो हे कळावे आणि उद्या सावध राहता यावे, यासाठी ते होते. ही खूण माणसाला स्वतःची ओळख करून देते. आपली खूण पुष्कळदा स्वतःवर खूष करून सोडते.

याच संदर्भात अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचा २०१८ सालचा एक लहान प्रयोग सांगण्याजोगा आहे. ५७ तरुणांपैकी काहींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहावयास सांगितली, तर काहींना झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. राहिलेल्या कामाची धास्ती कागदावर उतरली की मन हलके होते, असा याचा अर्थ घेता येईल. आम्ही यात एवढीच भर घालू इच्छितो की, रात्रीच्या प्रार्थनेत या दोन्ही गोष्टींना जागा आहे. आज काय घडले, त्याबद्दल कृतज्ञता आणि पश्चात्ताप. उद्या काय करावयाचे, ते देवाच्या हाती. एक नजर मागे, एक पुढे, आणि मग दिवा मालवावा.

तरीही कितीही नेटकी यादी केली, तरी तिच्यात एक गोष्ट कधीच आधी लिहिता येत नाही: वाटेत भेटणारा माणूस. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला तो मनुष्य याजकाच्या यादीत नव्हता, लेव्याच्या नव्हता आणि शोमरोनी प्रवाशाच्याही नव्हता. याजक आणि लेवी दुष्ट होते, असे गोष्ट सांगत नाही. त्यांना कुठे तरी वेळेवर पोहोचावयाचे असेल; त्यांची कामे कदाचित पवित्रही असतील. शोमरोनी प्रवाशालाही काम होतेच. म्हणूनच तर दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला पैसे देऊन तो पुढे निघाला. त्याने आपली यादी फाडली नाही, थोडी पुढे ढकलली. परत येताना राहिलेला खर्च चुकता करीन, असे सांगून त्या जखमी माणसाला त्याने आपल्या यादीत घातले. आमच्या मते, उत्तम यादीची कसोटी हीच आहे. तिच्यात ऐन वेळी एक नाव घालता आले पाहिजे.

या साऱ्या विचारातून आपल्या कुटुंबांसाठी काही साध्या गोष्टी निघतात. यादी एकाच ठिकाणी ठेवावी, पाच ठिकाणी नको. आणि ती आपल्या मायबोलीत असावी. कामाबरोबर ते ज्याच्यासाठी आहे त्या माणसाचे नाव लिहावे: ‘औषध आणणे’ असे न लिहिता ‘आजोबांचे औषध आणणे’ असे लिहावे. घराची यादी घरातील सर्वांची असावी आणि आठवड्यातून एकदा जेवणानंतर ती मिळून वाचावी; कोणाच्या नावावर अधिक भार पडला, ते तेव्हा आपोआप कळेल. जे काम तीन आठवडे खाली ढकलले गेले, ते एक तर उद्या सकाळी पहिले करावे किंवा ते आपले नव्हेच असे प्रामाणिकपणे ठरवून खोडावे. दिवस काठोकाठ भरू नये. तासाभराची जागा मोकळी ठेवावी. आणि रविवारी यादी मिटवून ठेवावी. आपली किंमत आपण उरकलेल्या कामांवर ठरत नाही, हे आठवड्यातून एकदा तरी अनुभवास यावे, यासाठी तो दिवस दिलेला आहे.

एका दिवशी आपणा सर्वांच्याच याद्या अर्धवट राहणार आहेत. पूर्ण यादी मागे ठेवून गेलेला मनुष्य अद्याप कोणी पाहिलेला नाही. मरणशय्येजवळ बसण्याचा प्रसंग धर्मगुरूंना वारंवार येतो. तेथे राहिलेल्या कामांविषयी फारसे कोणी बोलत नाही, माणसांविषयी बोलतात. अमका आला नाही, तमकीला निरोप द्या, धाकट्याला सांभाळा, अशीच ती बोलणी असतात. तेव्हा, वाचकहो, मोबाइलची घंटा अवश्य लावा. ती वाजेल तेव्हा काम पाहण्यापूर्वी क्षणभर त्यापुढचे नाव वाचा.